क्वाडचा मागचा शॉक: आधी उंची, मग वेग

क्वाड बाइकचा मागचा भाग खडबडीत वाटेवर उसळ्या मारायला लागला, की बहुतेक जण एकच इलाज करतात. पाना घेतात आणि शॉकची स्प्रिंग आणखी दोन-तीन फेरे आवळतात. गाडी कडक लागते, म्हणून इलाज लागू पडला असं वाटतं, आणि पुढच्याच दगडावर मागची चाकं पुन्हा हवेत जातात. उलट आता ती आधीपेक्षा जास्त उडतात, कारण आवळलेली स्प्रिंग सुटताना जास्त जोराने सुटते.

मागच्या शॉकमध्ये दोन वेगळी कामं चालतात. स्प्रिंग वजन पेलते आणि गाडी किती उंचीवर उभी राहील हे ठरवते. आतल्या नळकांड्यातलं तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांखालून वाट काढतं आणि ती स्प्रिंग किती वेगाने दबेल, किती वेगाने सुटेल हे ठरवतं. दुकानाच्या काचेच्या दाराला डोअर क्लोजर असतो, तेही याच जातीचं यंत्र आहे. आतली स्प्रिंग दार ओढते, तेल त्याला सावकाश येऊ देतं आणि बाजूचा स्क्रू फिरवला की दाराचा वेग बदलतो. दार आपटत असेल तर कोणी स्प्रिंग आवळत बसत नाही. क्वाडच्या शॉकलाही हाच न्याय लावायचा: उंचीची तक्रार असेल तर स्प्रिंगकडे जा, वेगाची असेल तर तेलाच्या स्क्रूंकडे.

उदाहरणासाठी यामाहाची रॅप्टर ७००आर घेऊ. मागे सलग एक्सल, चेन, स्विंगआर्म आणि लिंकेजवर बसवलेला एकच शॉक, अशी स्पोर्ट क्वाडची नेहमीची मांडणी तिच्यात आहे. तिच्या शॉकला स्प्रिंगचा ताण आणि तेलाचा वेग, दोन्ही बदलायची सोय आहे. तुमची गाडी वेगळी असली तरी क्रम हाच राहील, आकडे मात्र तिच्या मॅन्युअलमधून घ्या.

पान्याला हात लावण्याआधी

पहिली तपासणी टायरची. होंडाने १९७० मध्ये आणलेल्या तीनचाकी एटीसी ९० ला शॉकच नव्हते. धक्के झेलायचं सगळं काम तिचे फुगीर, कमी हवेचे टायर करत. आजच्या क्वाडलाही शॉक असूनसुद्धा पहिला धक्का टायरच खातो. स्पोर्ट क्वाडमध्ये साधारण ४ ते ५ पीएसआय हवा असते. पेट्रोल पंपावरच्या गेजवर एवढा कमी दाब नीट दिसत नाही, त्यामुळे कमी दाबाचं वेगळं गेज विकत घ्या. हवा दोन पीएसआयने जास्त झाली तरी गाडी दगडासारखी लागते आणि दोष शॉकवर येतो. मागच्या दोन टायरांत फरक असेल तर सलग एक्सलवर गाडी एका बाजूला ओढतेही.

दुसरी तपासणी सांध्यांची. मागची चाकं जमिनीवरून उचला, स्विंगआर्म दोन्ही हातांनी धरून आडवा-उभा हलवून बघा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बुश झिजले आहेत. लिंकेजला ग्रीस नसेल तर ते अडखळत हलतं आणि कुठलंही मोजमाप खरं येत नाही. शॉकच्या चकचकीत दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलं आहे. तेल गळणाऱ्या शॉकवर स्क्रू फिरवून उपयोग नाही, आधी त्याचं काम करून घ्या. समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालत असेल, मग ती नागावची वाळू असो की गोव्याची, तर फेरी संपल्यावर गोड्या पाण्याने धुणं टाळू नका. खारं पाणी सुकून दांड्यावर आणि आट्यांवर बसलं की सील आणि स्प्रिंग आवळायची रिंग दोन्ही खराब होतात. धुताना प्रेशर गनचा फवारा मात्र थेट सीलवर धरू नका.

तिसरं काम वहीचं. आत्ता शॉक कुठे लावलेला आहे ते लिहून ठेवा: स्प्रिंगच्या रिंगच्या वर किती आटे दिसतात आणि प्रत्येक स्क्रू कितव्या क्लिकवर आहे. क्लिक मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. स्क्रू उजवीकडे हलक्या हाताने फिरवत पूर्ण बसवायचा, तोवरच्या क्लिक मोजायच्या आणि मग तेवढ्याच क्लिक मागे आणायचा. ‘रिबाउंड १२’ याचा अर्थ पूर्ण बंद स्थितीपासून १२ क्लिक बाहेर. शेवटी जोर लावू नका. आतल्या सुईचं टोक दबलं तर तो स्क्रू पुढे कधीच खरा आकडा देणार नाही.

सॅग मोजा

गाडीवर स्वार बसल्यावर मागचा भाग जेवढा खाली जातो, तेवढा तिचा सॅग. चाकाला वर जायला जशी जागा लागते, तशी खाली जायलाही लागते. समोर खड्डा आला की चाक खाली उतरून जमिनीला चिकटून राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी गाडी मुळात थोडी बसलेली असावी लागते. स्पोर्ट क्वाडसाठी ठोकताळा असा, की मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० ते ३३ टक्के एवढा सॅग स्वारासकट असावा. रॅप्टर ७००आरच्या मागच्या चाकाची हालचाल २५६ मिमी आहे, म्हणजे सॅग ७७ ते ८५ मिमीच्या दरम्यान यायला हवा.

मोजायला एक मदतनीस, मेजर टेप, मार्कर आणि जॅक पुरेसा आहे. जमीन सपाट हवी.

१. गाडी फ्रेमखाली जॅक लावून उचला, मागची दोन्ही चाकं अधांतरी होऊ द्या. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या बंपरवर किंवा फ्रेमवर एक खूण करा. या दोन बिंदूंमधलं अंतर हे पहिलं माप.

२. गाडी खाली घ्या, मागून दोन-तीनदा दाबून सोडा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. हे दुसरं माप, गाडीच्या स्वतःच्या वजनाचं.

३. आता हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असं सगळं अंगावर घेऊन गाडीवर बसा. पाय फूटपेगवर आणि शरीर चालवताना असतं तसंच ठेवा. थोडं वरखाली होऊन स्थिर व्हा आणि मदतनिसाला मोजू द्या. हे तिसरं माप.

पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वारासकटचा सॅग, पहिल्यातून दुसरं वजा केलं की नुसत्या गाडीचा. समजा पहिलं माप ६१० मिमी आणि तिसरं ५०५ मिमी आलं. सॅग १०५ मिमी झाला, म्हणजे गाडी वीस-पंचवीस मिमी जास्त बसते आहे. सील आणि सांध्यांच्या घर्षणामुळे माप थोडं इकडेतिकडे होतं. म्हणून गाडी एकदा दाबून सोडल्यावर आणि एकदा उचलून सोडल्यावर, असं दोनदा मोजून सरासरी घ्या.

रिंग फिरवताना

स्प्रिंगच्या वरच्या टोकाला आट्यांवर दोन रिंगा असतात. वरची लॉक रिंग, खालची स्प्रिंगवर दाब देणारी. आधी वायर ब्रशने आटे साफ करा आणि त्यांवर वंगणाचा फवारा मारा. आट्यांत अडकलेला वाळूचा एक कण ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडायला पुरतो. मागची चाकं उचलून स्प्रिंगवरचा भार काढा, हूक पान्याने लॉक रिंग सैल करा आणि मग खालची रिंग फिरवा. हूक पाना पोहोचत नसेल तर पितळी पंच लावून हळू ठोका. लोखंडी छिन्नीने रिंगच्या खाचा उडतात.

रिंग किती फिरवायची? लिंकेजमुळे चाक जेवढं हलतं त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच शॉक हलतो, त्यामुळे रिंगचा एखादा मिलिमीटर मागच्या उंचीत दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक पाडतो. म्हणून एका वेळी एक फेरा द्या, गाडी खाली घ्या, पुन्हा मोजा. माप बसलं की लॉक रिंग घट्ट करायला विसरू नका. ती सैल राहिली तर खालची रिंग धक्क्यांनी आपोआप वर सरकते आणि केलेलं सगळं काम वाया जातं.

रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती मिलिमीटरमागे जेवढ्या ताकदीची आहे, तेवढीच राहते. बदलते फक्त तिची सुरुवात, म्हणजे दबायला लागण्याआधी तिच्यात साठवलेला ताण. त्यामुळे रिंगने उंची मिळते, स्प्रिंगची जात बदलत नाही.

तुमच्या वजनाला स्प्रिंग योग्य आहे का, हे दुसऱ्या मापावरून कळतं. कंपनीच्या एकाच स्प्रिंगच्या शॉकला नुसत्या गाडीच्या वजनाने मागचा भाग चाकाच्या हालचालीच्या साधारण १० ते १५ टक्के बसायला हवा, म्हणजे रॅप्टरवर २५ ते ४० मिमी. स्वारासकटचा सॅग बरोबर आणला, पण नुसती गाडी जेमतेम पाच मिमी बसते आहे, अशी अवस्था असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. ती आवळून आवळून उंची मिळवलेली आहे. उलट नुसती गाडीच फार बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. ऐकायला हे उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंगला तुमचं वजन पेलायला जास्त आवळावं लागतं आणि तो ताण रिकाम्या गाडीला उंच ढकलून ठेवतो. दोन्ही बाबतींत इलाज स्प्रिंग बदलण्याचाच.

चेनवर चालणाऱ्या गाडीची उंची बदलली की चेनचा सैलपणा तपासा. स्विंगआर्मचा कोन बदलला की चेनचा ताणही बदलतो, आणि फार ताणलेली चेन मागच्या हालचालीलाच आडकाठी करते.

रिबाउंड: सुटण्याचा वेग

सॅग जमल्याशिवाय स्क्रूंना हात लावायचा नाही. जमला की पहिला मान रिबाउंडचा. हा स्क्रू बहुतेक शॉकच्या खालच्या टोकाला, बोल्टच्या जवळ असतो. उजवीकडे फिरवला की शॉक सावकाश सुटतो, डावीकडे फिरवला की झटकन. सुरुवात मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्लिकपासून करा.

गाडी उभी असताना एक ढोबळ चाचणी होते. मागून पूर्ण वजनाने दाबा आणि हात काढा. मागचा भाग एका दमात वर येऊन थांबायला हवा. वर येऊन पुन्हा डोलला तर वेग जास्त आहे. आळसावून, बघता बघता वर येत असेल तर कमी आहे.

खरी परीक्षा वाटेवर होते. एकाच मोठ्या उंचवट्यावर मागचा भाग सीटसकट तुम्हाला वर फेकतो, उडीनंतर टेकताना गाडी पुन्हा उसळते, ब्रेक लावताना खडबडीत जागी मागची चाकं टपटप उडतात, ही सगळी वेगवान रिबाउंडची लक्षणं आहेत. स्क्रू दोन क्लिक आत घ्या. उलट पहिले दोन-तीन उंचवटे ठीक जातात आणि चौथ्या-पाचव्याला गाडी एकदम कडक लागते, मागचा भाग खाली बसत जातो, हे सावकाश रिबाउंडचं लक्षण. पुढचा उंचवटा येईपर्यंत शॉक पूर्ण सुटलेलाच नसतो, दर धक्क्याला तो थोडा आणखी दबून राहतो. वाळूतल्या लाटांसारख्या सलग उंचवट्यांवर हे हमखास घडतं आणि माणसं ते ‘शॉक कडक आहे’ असं समजून भलताच स्क्रू फिरवतात. इथे रिबाउंड दोन क्लिक बाहेर काढायचा.

स्प्रिंग कडक केली किंवा बरीच आवळली असेल तर तिला आवरायला रिबाउंडही थोडा आत घ्यावा लागतो. लेखाच्या सुरुवातीची उसळणारी गाडी याच हिशेबात चुकलेली असते.

कॉम्प्रेशन: दबण्याचा वेग

कॉम्प्रेशनची जुळणी शॉकच्या वरच्या टोकाला, बाजूच्या डब्याजवळ असते. रॅप्टर ७००आरसारख्या गाड्यांवर त्यात दोन भाग मिळतात: मधला स्क्रू मंदगतीचा, क्लिकमध्ये मोजायचा, आणि भोवतालचा नट जलदगतीचा, फेऱ्यांमध्ये मोजायचा. मंद आणि जलद हा वेग गाडीचा नसतो, शॉकच्या दांड्याचा असतो. ताशी ६० किलोमीटरने लांबलचक चढावर जाताना दांडा सावकाश हलतो, आणि चालीच्या वेगाने दगडावरून जाताना तो झटक्याने हलू शकतो.

मंदगतीचा स्क्रू गाडीची ढब सांभाळतो: ॲक्सिलरेटर दिल्यावर मागचा भाग किती बसतो, वळणावर किती झुकतो. चढावर पुढचा भाग हलका पडत असेल किंवा वळताना गाडी फार लवत असेल तर हा स्क्रू दोन क्लिक आत. बारीक खडीवर मागची चाकं घसरत, सरकत असतील तर दोन क्लिक बाहेर.

जलदगतीचा नट दगडांचे फटके आणि उडीवरून टेकणं सांभाळतो. उडीनंतर शॉक शेवटपर्यंत जाऊन आदळत असेल तर पाव फेरा आत. दगडांचे फटके कमरेत बसत असतील तर पाव फेरा बाहेर.

शॉक खरोखर किती हलतो हे बघायला दांड्यावर, सीलच्या लगत, ग्रीसची बारीक रेघ ओढा. जागा असेल तर पातळ झिप-टाय बांधली तरी चालेल. फेरीनंतर रेघ कुठवर पुसली गेली, झिप-टाय कुठवर सरकली ते बघा. तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात मोठ्या धक्क्याला शॉक जवळजवळ पूर्ण दबायला हवा, एखाद्या वेळी हलका टेकला तरी बिघडत नाही. कधीच दोन तृतीयांशाच्या पुढे जात नसेल, तर विकत घेतलेली हालचाल तुम्ही वापरतच नाही.

वाटेवरची पद्धत

चाचणीसाठी छोटा, नेहमीचा फेरा निवडा. त्यात एक चढ, एक वळण आणि थोडा खडबडीत तुकडा असावा. आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून शॉक गरम होऊ द्या. थंड तेल घट्ट असतं, गरम झाल्यावर पातळ होतं, त्यामुळे घराबाहेर केलेली जुळणी अर्ध्या तासाने बदललेली वाटते. मग एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक, पुन्हा तोच फेरा, आणि वहीत एक ओळ. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. स्क्रू टोकापर्यंत नेऊनही दोष जात नसेल तर तो दोष त्या स्क्रूच्या हाताबाहेरचा आहे. स्प्रिंग, झिजलेलं तेल किंवा आतल्या चकत्या यांपैकी काहीतरी बदलावं लागेल.

मागचा भाग फार उंच केला तर स्टीअरिंग चपळ होतं, पण वेगात आणि उतारावर गाडी अस्थिर वाटते. फार खाली बसला तर पुढची चाकं हलकी पडतात, वळायला कुरकुरतात आणि तीव्र चढावर गाडी मागे कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक मोठ्या बदलानंतर पहिला फेरा सावकाश, हेल्मेट घालून आणि सोप्या जागी मारा.

कामाच्या क्वाडसाठी

न्यूझीलंडच्या शेतांवर किंवा आपल्याकडच्या रिसॉर्टमध्ये दिसणाऱ्या अनेक कामाच्या क्वाडना मागे प्रत्येक चाकाला स्वतंत्र शॉक असतो. पोलॅरिसची स्पोर्ट्समन ५७० याच मांडणीची. अशा गाड्यांच्या शॉकला बऱ्याचदा तेलाचे स्क्रू नसतात, फक्त पायऱ्यांची रिंग असते. तिथे नियम दोनच. डावा आणि उजवा शॉक नेहमी सारख्या पायरीवर ठेवा, नाहीतर गाडी उभी असतानाच एका बाजूला कलते. आणि मागच्या कॅरिअरवर फवारणीची टाकी किंवा खताची पोती चढवलीत तर पायरी वाढवा, उतरवल्यावर परत कमी करा. कॅरिअरची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती ओलांडून पायरी वाढवणं हा उपाय नाही, कारण शॉकने उंची दिली तरी ब्रेक, एक्सल आणि तोल यांच्यावरचा भार तसाच राहतो.

भाड्याने गाड्या देणाऱ्यांकडे एका तासात सडपातळ मुलगी येते आणि पुढच्या तासाला शंभर किलोचा गृहस्थ. दर वेळी रिंग फिरवणं शक्य नसतं. मधल्या वजनाला जुळणी करा, पण हवेचा दाब आणि गळणारं सील रोज सकाळी बघा.

काय उघडायचं नाही

शॉकच्या बाजूच्या डब्यात खूप दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. त्याचं झाकण किंवा व्हॉल्व्ह घरी उघडू नका, ड्रिलने किंवा आगीने त्याच्याशी खेळू नका. जुना शॉक भंगारात देण्याआधीही दाब जाणकाराकडून काढून घ्या. तेल बदलणं, सील बसवणं आणि नायट्रोजन भरणं हे शॉकचंच काम करणाऱ्या कारागिराकडे द्या आणि जाताना तुमची वही सोबत न्या. ‘मागचा भाग उडतो’ एवढंच सांगितलंत तर तो अंदाजाने काम करील. सॅग ८२, रिबाउंड १०, सलग उंचवट्यांवर बसतो, असं लिहिलेलं दाखवलंत तर कुठली चकती बदलायची याचा विचार तो शॉक खोलण्याआधीच सुरू करील.